चारशे बारा आवाज

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे यादीबाई म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणू लागले, आणि एक दिवस त्यांनीच फोन उचलून पलीकडच्याला सांगितलं, "बोला, यादीबाई बोलतेय." तेव्हापासून चिडवण्यातली सगळी मजाच गेली.

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. बनवत नाही, बसवत नाही, दुसऱ्यांनी बसवलेल्या लिफ्ट चालू ठेवते आणि बंद पडल्या की शिव्या खाते. तीनशे सदतीस लिफ्ट, पाच मेकॅनिक, एक साहेब, चौथ्या मजल्यावर यादीबाई आणि तळघरातल्या स्टोअरमध्ये मी. मला सगळे मामा म्हणतात. सख्खा भाचा मला एकही नाही, तरी म्हणतात. माझ्या डाव्या हाताला दोनच बोटं आहेत, अंगठा आणि त्याच्या शेजारचं. बाकीची तीन कुठे गेली ते आधी सांगावं लागेल, कारण त्या तीन बोटांशिवाय यादीबाईंची गोष्ट सुरूच होत नाही.

बाई आता पन्नाशीला टेकल्यात. घरी नवरा आहे, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या सांभाळणारा, अतिशय हळू चालणारा माणूस. नर्सिंग शिकणारी मुलगी आहे आणि कडक सासूबाई आहेत. रोज सकाळी अकराच्या ठोक्याला बाई घरी फोन करतात. "गॅस बंद केला होता ना मी?" सासूबाईंचं उत्तर ठरलेलं असतं. "बंद होता. काल पण होता. आता फोनही बंद कर." बाई समोरच्या कागदावर टिक करतात आणि तासाभरासाठी त्यांच्या जिवात जीव येतो. लिफ्टच्या कंपनीत नोकरी करतात आणि चार मजले जिन्यानं चढतात. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतात. उजव्या अंगठ्याच्या कडेची कातडी सोलत बसायची त्यांना सवय आहे. महिनाअखेरीला तो अंगठा बघवत नाही.

पूर्वी अशा नव्हत्या. पूर्वी त्यांचं हसणं खाली तळघरापर्यंत ऐकू यायचं.

अकरा वर्षांपूर्वीपर्यंत आमचा सगळा कारभार रजिस्टरांत चालायचा. प्रत्येक लिफ्टला एक पान. आमच्या तेव्हाच्या हेडक्लार्कनं एक नियम घालून दिला होता की शाईनं लिहिलं ते पक्कं आणि पेन्सिलीनं लिहिलं ते कच्चं. कच्चं म्हणजे कोणीतरी नंतर खात्री करून शाईत घ्यायचं. कोणी घ्यायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. मग कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर आलं, ज्यात प्रत्येक लिफ्टचं एक कार्ड असतं, कोणी कधी जायचं, काय केलं, काय राहिलं, सगळं त्यावर. आम्ही त्याला फळा म्हणू लागलो. यादीबाईंनी, तेव्हा त्या यादीबाई नव्हत्या, दोनशे नव्वद पानं नऊ दिवसांत फळ्यावर चढवली. शाईतलं सगळं घेतलं, पेन्सिलीतलं सोडलं. नियमच तसा होता.

एका कापडाच्या गोदामात मालाची लिफ्ट होती. तिच्या पानाच्या कडेला पेन्सिलीनं दोन ओळी होत्या. बंद केल्यावरही अर्ध्या मिनिटानं एक झटका खाते. वरचा मेन स्विच पाडल्याशिवाय हात घालू नये. या ओळी फळ्यावर आल्या नाहीत. मी तेव्हा मेकॅनिक होतो. तिसऱ्या आठवड्यात मी त्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो, खालचं बटण बंद केलं आणि चाकाशी हात घातला.

चौकशी झाली. मला विचारलं, "कार्डावर सूचना होती का?" मी म्हटलं, "नव्हती." कार्ड पाहिलं, खरंच नव्हती. मग रजिस्टर काढलं, तेव्हा पेन्सिलीच्या ओळी सापडल्या आणि सगळ्यांच्या नजरा बाईंकडे वळल्या. कोणी एक शब्द बोललं नाही, हेच वाईट झालं. कोणी चार शब्द सुनावले असते तर बाई भांडल्या असत्या, रडल्या असत्या आणि मोकळ्या झाल्या असत्या. मला स्टोअरमध्ये बसवलं, हेडक्लार्कला मुदतीआधी घरी पाठवलं, बाईंना आहे तिथेच ठेवलं. त्या दिवसापासून बाई मोजायला लागल्या.

त्यांनी पहिलं फर्मान काढलं ते मेकॅनिकांसाठी. "हाताला ग्रीस असतं, लिहायचा कंटाळा येतो, मान्य. बोला. फळ्यावर माइकचं बटण आहे. लिफ्टचं जे काही वाकडं दिसेल ते तिथंच उभं राहून बोला. पण पेन्सिल माझ्या डोळ्यांसमोर आणू नका." तेव्हापासून आमच्या कार्डांवर आवाज आले. खड्ड्यात उतरण्याआधी प्रत्येकानं त्या लिफ्टवरचे आवाज ऐकायचे, हा नियम. बाई स्वतः मात्र कधी ऐकत नसत. "ऐकायचं काम उतरणाऱ्याचं," म्हणायच्या. "माझं काम मोजायचं."

आणि माझी बाटली. दुपारी आम्ही ऑफिसातले सगळे एका लांब टेबलाशी जेवतो. रोज बसताना बाई माझ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडतात, डब्याचं उघडतात आणि माझ्यासमोर ठेवतात. न बोलता, माझ्याकडे न बघता. एकदा मी आठवडाभर आजारी होतो, तेव्हाही त्यांचा हात माझ्या रिकाम्या जागेकडे जायचा म्हणे.

तर या वर्षी जुन्या फळ्याच्या कंपनीनं गाशा गुंडाळायचं ठरवलं. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी सहाला सगळं बंद, आपलं सामान हलवून घ्या, असं पत्र आलं. साहेबांनी नवा फळा निवडला. साहेब माणूस वाईट नाही, पण जगातली प्रत्येक गोष्ट एका बटणात बसते अशी त्यांची पक्की समजूत.

"बाई, एक बटण दाबायचं. जुन्यातलं सगळं नव्यात."

"सगळं म्हणजे काय काय?"

"सगळं म्हणजे सगळं हो!"

बाईंनी ते उत्तर वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मग स्वतःच 'सगळं' म्हणजे काय त्याची यादी केली. कार्डं तीनशे त्रेसष्ट, त्यात चालू तीनशे सदतीस आणि काढून टाकलेल्या लिफ्टची सव्वीस. तारखा, नावं, फोटो. आवाज चारशे बारा. त्या आठवड्यात त्या जेवायला बसायच्या आणि डबा तसाच परत न्यायच्या. मला म्हणाल्या, "मामा, मागच्या वेळी पण मीच हलवलं होतं." मी म्हटलं, "जेवा तुम्ही." याच्यापलीकडे मला काही सुचलं नाही, आणि खरं तर सुचायला हवं होतं.

बुधवारी बटण दाबलं. बाईंनी बुधवारी मोजलं, गुरुवारी मोजलं, शुक्रवारी सकाळी तिसऱ्यांदा मोजलं. कार्डं तीनशे त्रेसष्ट. आवाज चारशे बारा. प्रत्येक दहावा आवाज दोन-दोन सेकंद वाजवून पाहिला. सगळे वाजले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, एकट्यानंच. बाईंनी कागदावर सही केली, आणि त्या दिवशी जेवताना अर्धा डबा संपवला.

दोन वाजून दहा मिनिटांनी त्या तळघरात माझ्या दारात उभ्या होत्या. चार मजले धावत उतरल्या होत्या. तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

"मामा, आवाज गेले."

तुकड्या-तुकड्यांनी कळलं ते असं. काही चैन पडेना म्हणून जेवणानंतर बाई चौथ्यांदा तपासायला बसल्या होत्या. नेमका तेव्हाच जुना फळा, बंद होण्याची रंगीत तालीम म्हणून, पंधरा मिनिटं थांबवला होता. आणि त्या पंधरा मिनिटांत नव्या फळ्यावरचा एकही आवाज वाजेना. म्हणजे आवाज इकडे आलेच नव्हते. नव्या घरात फक्त पत्त्याच्या चिठ्ठ्या आल्या होत्या, माणसं जुन्याच घरात राहिली होती. चिठ्ठ्या मोजल्या तर चारशे बारा भरणारच. सहा वाजता ते घर पाडलं की चारशे बारा चिठ्ठ्या हातात राहणार आणि लिफ्टबद्दल कोणालाच काही ऐकू येणार नाही.

"सोमवारी पाचही जण बाहेर आहेत," बाई म्हणाल्या. "एकोणीस लिफ्ट. मी सही केलीय, मामा." आणि त्यांनी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा सरळ पाहिलं.

त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार काय आला, ते सांगायची लाज वाटते. बरं झालं, असं आलं.

कारण त्या चारशे बारांत एक आवाज माझा आहे. चौकशीत मी 'नव्हती' म्हणालो ते कार्डाबद्दल खरं होतं. पण पेन्सिलीच्या त्या दोन ओळी मी वाचल्या होत्या. रजिस्टर होतं तोवर त्या लिफ्टवर मीच जायचो, दर महिन्याला वाचायचो. झटका मला तोंडपाठ होता. त्या दिवशी लिफ्टच बंद, मेन स्विच पाचव्या मजल्यावर आणि माझे गुडघे दुखत होते, म्हणून चढलो नाही. एवढंच. माहीत असून हात घातला म्हटलं असतं तर स्टोअरची खुर्ची मिळाली नसती, घरचा रस्ता मिळाला असता. म्हणून मूग गिळून बसलो. महिनाभरानं, हात अजून पट्ट्यांत होता आणि बाई रोज संध्याकाळी डबा घेऊन घरी यायच्या, तेव्हा मला राहवेना. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. मी फोन काढला, त्या गोदामाच्या लिफ्टचं कार्ड उघडलं आणि सगळं खरं बोलून टाकलं. अपघातापासून ती लिफ्ट बंदच ठेवली होती, त्यामुळे दुसरं कोणी ते ऐकणार नव्हतं. वाटलं, बाई सगळं तपासतात, ऐकतील. पहिलं वर्षभर मी धरून चाललो की त्यांनी ऐकलंय आणि मोठ्या मनानं गप्प आहेत. मग कळलं की बाई ऐकतच नाहीत, मोजतात. तोवर ती लिफ्ट काढून टाकली होती, कार्ड बंदच्या रांगेत गेलं होतं, आणि मला माझी खुर्ची सवयीची झाली होती.

सहा वाजले की ते सगळं पुसलं जाणार होतं. मला काहीच करायचं नव्हतं, फक्त वेळ जाऊ द्यायचा होता.

वर साहेबांनी जुन्या कंपनीला फोन लावले, तर कोणी उचलेना. पत्र लिहिलं. 'इतकी वर्षं सोबत राहिल्याबद्दल आभार' असं आपोआप निघालेलं उत्तर आलं. आवाज उतरवून घ्यायची सोय जुन्या फळ्यात नव्हती, नुसतं वाजवायची होती. "बटणच नाहीये," साहेब म्हणाले. त्यांच्या तोंडून हे ऐकायला एरवी मला किती मजा आली असती!

पाचही मेकॅनिकांना बोलावून घेतलं. तिघे वाटेतून वळले, दोघे काम अर्धवट टाकून आले. तीन वाजता जेवणाच्या लांब टेबलाशी आठ माणसं बसली. आमच्यातला सगळ्यात बोलका मेकॅनिक, त्याला आम्ही रेडिओ म्हणतो, तो म्हणाला, "लिहायचं कशाला? एका फोनवर वाजवू, दुसऱ्यावर भरून घेऊ."

"आठ फोन एका खोलीत वाजवून काय भरणार तू, गोंगाट?" साहेब म्हणाले.

"आणि नकोच आवाज," बाई म्हणाल्या. एवढं ठाम बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "परत कोणीतरी नुसतं मोजत बसेल. कानात वायर घाला, ऐका आणि लिहा. जसंच्या तसं. ज्या लिफ्टवर सोमवारी जायचंय त्या आधी, मग बाकीच्या, बंद झालेल्या शेवटी."

वाटण्या झाल्या. प्रत्येकाला पन्नासच्या वर आवाज आले.

पहिला तास मी आयुष्यात विसरणार नाही. नुसत्या बोटांचा आवाज येत होता. मध्येच कोणीतरी श्वास रोखायचा आणि सगळे वर बघायचे. आमच्यातला एक मेकॅनिक इतकं कमी बोलतो की त्याचं नाव तार पडलंय. साहेबांच्या वाट्याला त्याचा चार सेकंदांचा आवाज आला. "खड्ड्यात पाणी. वायर उघडी. उतरू नका." साहेबांनी वायर कानातून काढली आणि विचारलं, "हे कुठलं?" तार म्हणाला, "शाळेमागचं." त्या लिफ्टवर सोमवारी सकाळी नऊला रेडिओ जाणार होता. रेडिओनं पाणी प्यायलं आणि पुन्हा लिहायला लागला. त्यानंतर साहेबांनी घड्याळाकडे बघणं सोडलं.

उलट रेडिओचे आवाज. ते सगळे तारच्या नशिबी आले. एकेक चार मिनिटांचा. त्यात हवा, रस्त्यावरची गर्दी, वॉचमनच्या मुलीचं लग्न, आणि शेवटच्या दहा सेकंदांत, 'हां, आणि दोराला दोन जागी तारा सुटल्यात बरं का.' मधलं सोडून देता येत नव्हतं, कारण कामाची गोष्ट कुठून उगवेल त्याचा नेम नव्हता. अर्ध्या तासानं तार रेडिओकडे वळून म्हणाला, "लग्न झालं का तिचं?" एवढं मोठं वाक्य त्याच्याकडून आम्ही वर्षभरात ऐकलं नव्हतं. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांच्या अंगठ्यातून रक्त येत होतं आणि अक्षरांच्या बटणांवर त्याचे ठिपके पडत होते, ते त्या बाहीनं पुसत होत्या.

साडेचारला दोनशे सतरा झाले होते. बाई दर दहा मिनिटांनी आकडा सांगायच्या. पाचला दोनशे त्र्याऐंशी. सव्वापाचला तीनशे सोळा. कोणाला चहा नको होता. बाईंच्या मुलीचा फोन आला, बाईंनी तो उचलून नुसतं "जिवंत आहे" म्हटलं आणि ठेवला. मी माझ्या वाटणीचे आवाज लिहीत होतो, डाव्या हाताची दोन बोटं आणि उजव्या हाताची पाच. मला कळेना की मी लवकर संपवायला बघतोय की उशीर करायला.

पावणेसहाला चालू लिफ्ट सगळ्या संपल्या. तीनशे एकोणनव्वद. टेबलाशी एकदम हायसं वाटलं. कोणीतरी हात ताणले, खुर्ची करकरली.

"झालं," साहेब म्हणाले. "उरलेले तेवीस तर काढून टाकलेल्या लिफ्टचे आहेत. त्या लिफ्ट आता जगातच नाहीत. सोडा आता."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. सोडा म्हणत होते. मी म्हटलेलं नव्हतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "मागच्या वेळी पण असंच ठरवलं होतं, काय सोडायचं ते. आठ जण आहोत, तीन-तीन घ्या." आणि त्यांनी यादी वरून खाली वाटत नेली. गोदामाची मालाची लिफ्ट माझ्या वाट्याला आली. बाईंनी नाव वाचलं. "ही मी घेऊ का, मामा?" अगदी हळू विचारलं. त्यांना वाटलं, मला त्रास होईल.

"असू दे," मी म्हटलं.

आधीचे दोन लिहिले. पाच वाजून त्रेपन्न मिनिटांनी मी माझा आवाज ऐकला. तरुण होता. घाबरलेला होता. मागे माझ्या बायकोनं भांडी आपटल्याचा आवाजही होता. अठ्ठेचाळीस सेकंद. मी तो संपूर्ण ऐकला आणि लिहायला बोटं ठेवली. 'लिफ्ट काढली आहे' एवढे तीन शब्द पुरेसे होते. कोणी पडताळणार नव्हतं. सात मिनिटांनी पडताळायला काही उरणारही नव्हतं. मी 'लि' लिहिलं. समोर बाई शेवटच्या आवाजावर वाकल्या होत्या, बाहीवर रक्ताचे डाग, ओठ मोजल्यासारखे हलत होते. अकरा वर्षं ही बाई जिन्यानं चढतेय. मी 'लि' पुसलं.

"बाई, इकडे या. ही तुम्ही ऐका."

"तुम्हीच लिहा मामा, वेळ नाहीये."

"माझ्यानं लिहवत नाही."

त्या आल्या. मी उठून खुर्ची दिली आणि वायर त्यांच्या हातात दिली. मग मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो, कारण त्यांचा चेहरा बघायची माझ्यात ताकद नव्हती. अठ्ठेचाळीस सेकंद इतके लांब असतात हे मला माहीत नव्हतं. बाकीचे आपापलं संपवत होते, कोणाचं लक्ष नव्हतं.

मग बोटांचा आवाज सुरू झाला. मी वळलो. बाई लिहीत होत्या. एक वाक्य लिहायच्या, मागे जाऊन पुन्हा ऐकायच्या, पुढचं लिहायच्या. पाच अठ्ठावन्न झाले होते.

"मामा," त्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "इथे आवाज फाटतोय. 'पाच मजले कोण चढणार' म्हणालात की 'पाच जिने'?"

"मजले," मी म्हटलं.

त्यांनी 'मजले' लिहिलं. 'कोणी सांगितलं' या चौकोनात माझं नाव घातलं, अकरा वर्षांपूर्वीची तारीख घातली आणि कार्ड जतन केलं. सहाला जुना फळा पांढरा झाला. चारशे बारापैकी चारशे बारा. रेडिओनं शिट्टी मारली, साहेबांनी या वेळी टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसते डोळे चोळले. बाईंनी वहीत टिक केली, पर्स घेतली आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या.

शनिवार-रविवार मला अन्न गोड लागलं नाही. नवा फळा सगळ्यांना दिसतो. कोणीही ते कार्ड उघडू शकत होतं. साहेब उघडतील, मला बोलावतील, असं हजारदा डोळ्यांसमोर आलं. पण खरं सांगतो, त्याची भीती कमीच होती. बाई सोमवारी काय म्हणतील याचीच होती.

सोमवारी साडेअकराला स्टोअरचा फोन वाजला. बाईंच्या सासूबाई. "वरचा फोन लागत नाही. ती बरी आहे ना? आज गॅसचं विचारायला फोन आला नाही तिचा." मी म्हटलं, बरी असावी. "असावी म्हणजे काय? वर जाऊन बघा." गेलो, दारातूनच पाहिलं. बाई लिहीत बसल्या होत्या. परत येऊन सांगितलं की बऱ्या आहेत.

दुपारी लांब टेबलाशी बसलो. शाळेमागच्या खड्ड्यातलं पाणी उपसून, वायर बदलून रेडिओ परत आला होता आणि ती हकिकत तिसऱ्यांदा सांगत होता. बाई आल्या, नेहमीच्या जागी, माझ्या शेजारी बसल्या. सवयीनं हात पुढे गेला. त्यांनी माझी बाटली उचलली, झाकणावर बोटं ठेवली, थांबल्या, आणि तशीच बंद माझ्यासमोर ठेवली. डब्याला हातही लावला नाही.

मी बाटली गुडघ्यांत धरली, उजव्या हातानं झाकण फिरवलं आणि काढलं. मग डबा छातीशी धरून उघडला. बाई बघत होत्या.

"अकरा वर्षं येत होतं हे?"

"हो," मी म्हटलं. "पहिल्याच वर्षी शिकलो."

त्यांनी मान हलवली. मग स्वतःची बाटली उचलली आणि माझ्यासमोर सरकवली.

"मग आता माझी उघडा."

मी उघडली. तेव्हापासून रोज उघडतो.